तुरुंगातला टीव्ही कोणाच्या पैशाचा?

"ताई, त्यो तिथं टीव्ही बघतोय म्हणं. खरंय का?"

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक संपली होती. चहा झाला, बाया उठल्या, ही मात्र बसून राहिली. हिची लेक सासरी जळून मेली. फिर्याद लिहून घ्यावी म्हणून आम्ही दोघी पोलीस ठाण्याच्या बाकावर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसलो होतो. जावई आणि त्याची आई, दोघांना अटक झाली. खटला अजून उभा राहिलेला नाही. आणि आता गावात कुणीतरी येऊन सांगितले होते की जावई आत टीव्हीवर क्रिकेट बघतो.

मी म्हणाले, "बघत असेल." पुढे मला बोलता आले नाही. तिने पदराने तोंड पुसले आणि उठून गेली. तिला जे सांगायला हवे होते ते मी आज लिहिते आहे. तुम्हां मैत्रिणींना ते पटेलच असे नाही. आपण सगळ्याजणी गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात बसतो, मोर्चे काढतो, आरोपी आत गेला की निम्मी लढाई जिंकल्यासारखे घरी येतो. आत गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, त्याच्यावर कोण खर्च करते, हा आपला विषय नाही असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चालले होते.

भिंतीच्या अलीकडे

२०२४ च्या डिसेंबरात कायदेविषयक मदतीच्या एका शिबिरासाठी मला मराठवाड्यातल्या एका कारागृहात जाता आले. कोणत्या, ते लिहीत नाही. लिहिले तर पुन्हा आत जायची परवानगी मिळणार नाही आणि आतल्या बायकांनाच त्याचा त्रास होईल. शिवाय दोष एका कारागृहाचा नाही.

स्त्रियांचा विभाग म्हणजे मोठ्या आवाराचा एक कोपरा. मधे भिंत. त्या दिवशी अकरा बाया होत्या आणि दोन लहान मुले. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. अलीकडे टीव्ही नव्हता. मी विचारले, तेव्हा साधे सरळ उत्तर मिळाले : दान देणाऱ्यांनी एक टीव्ही दिला, पुरुष शंभराच्या वर आहेत, बायका दहा-बारा, मग कुठे लावणार? उत्तर देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. हिशेबच तसा होता.

त्या अकराजणींत माझ्या ओळखीची एक म्हातारी होती. ज्या फिर्यादीसाठी मी ठाण्यात बसले होते, त्या फिर्यादीतली सासू. तिने मला ओळखले. मला वाटले शिव्या देईल. ती भिंतीकडे हात करून एवढेच म्हणाली, "माझ्या पोराला दिसतंय, मला ऐकू येतंय."

मैत्रिणींनो, मी त्या बाईला निर्दोष म्हणत नाही. ते न्यायालय ठरवील. पण एकाच गुन्ह्यात, एकाच दिवशी, एकाच आवारात आलेल्या मायलेकांपैकी लेकाला चित्र आणि आईला आवाज, ही वाटणी कोणत्या कलमाखाली झाली? घरी लेकाचे ताट आधी वाढायचे आणि उरले तर आपण खायचे, हा नियम ती आयुष्यभर पाळत आली. सुनेलाही तिने तोच पाळायला लावला असेल. आत गेल्यावर सरकारनेही तोच पाळला.

बाकीच्या बायकांनी मला काय विचारले ते सांगते. कोण निवडून आले? विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होऊन गेले होते, निकाल लागला होता. यांना मत देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ (५) ने तुरुंगात असलेल्यांना, मग ते कच्चे कैदी का असेनात, मतदान बंद केलेले आहे. पण निकालही कळू नये, असे तो कायदा म्हणत नाही. दुसरीने विचारले, ती लाडकी बहीण म्हणतात ती काय योजना आहे? माझ्या लेकीला ते दीड हजार मिळतात का? योजना सुरू होऊन सहा महिने होत आले होते. महाराष्ट्रात गल्लोगल्ली तिचे फलक लागले होते, आणि एक बाई पहिल्यांदाच तिच्याबद्दल धड विचारत होती.

चावडीवरचा टीव्ही

मला माझ्या लहानपणातला टीव्ही आठवला. आमच्या गावात पहिला टीव्ही ग्रामपंचायतीचा होता. संध्याकाळी चावडीच्या ओट्यावर तो मांडला जाई. पुढे गडीमाणसे, त्यांच्या मागे पोरे. बाया समोरच्या घराच्या दारामागे उभ्या. रामायण लागायचे तेव्हा, म्हणजे १९८७-८८ च्या सुमाराला, बायांना रविवारी ओट्याच्या कडेला बसायची मुभा मिळाली. देवाचे होते म्हणून.

पण त्या टीव्हीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. तो सार्वजनिक पैशातून आला होता आणि गावाला भीक घातली असे कुणालाही वाटले नव्हते. त्याच्या आधी, १९७५-७६ मध्ये, सरकारने अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही संच पोचवले होते. आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हाही त्यात होता. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या गावाला रस्ता नाही, त्याला शेती, आरोग्य, देशातल्या घडामोडी कळाव्यात, असा तो विचार होता. टीव्ही ही चैन आहे असे तेव्हाच्या सरकारने मानले नाही. ती लोकशिक्षणाची गोष्ट मानली आणि तिचा खर्च सरकारने केला.

मग निरक्षर माणूस तुरुंगाच्या दारातून आत गेला की तोच टीव्ही अचानक चैन कसा होतो?

पैसा येतो कुठून

"आपल्या कराच्या पैशावर हे गुन्हेगार टीव्ही बघतात." हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. मीही एकदा बोलले आहे. ते किती खरे आहे ते पाहू.

कारागृहात टीव्ही येण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली, सरकारी खर्च. ही वाट अरुंद. तुरुंग हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात कैद्यांची करमणूक हा शब्द उच्चारायला कोणताही मंत्री धजत नाही. दुसरी वाट, दान. एखादा क्लब, एखादा ट्रस्ट, एखादा पुढारी वाढदिवसाला संच देतो, फोटो काढतो, जातो. तिसरी वाट कैद्यांचे स्वतःचे पैसे. घरून मनीऑर्डर येते, त्यातून कैदी तुरुंगातल्या कॅन्टीनमधून तेल, साबण, बिस्किटे, फरसाण घेतो. त्या विक्रीवरचा नफा कैद्यांच्या कल्याणाच्या निधीत जमा होतो आणि पंखा, वाद्ये, टीव्ही, त्याची दुरुस्ती असला खर्च त्या निधीतून केला जातो. म्हणजे जावयाच्या क्रिकेटचे पैसे बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या करातून गेलेले नसतात. ते कुणातरी कैद्याच्या म्हाताऱ्या बापाने ज्वारी विकून पाठवलेल्या मनीऑर्डरीतून गेलेले असतात.

आता ही तिसरी वाट बायकांच्या बाजूने बघा. पुरुष आत गेला की त्याची बायको, आई, बहीण एसटीचे तिकीट काढून मुलाकतीला येते, डबा आणते, मनीऑर्डर करते. बाई आत गेली की पहिल्या महिन्यात नवरा येतो, दुसऱ्यात येत नाही. सासर नाव टाकते, माहेर लाजते. बाईने काय केले ते सिद्ध होण्याच्या आधीच ती घरातून वजा होते. आपल्या भागातल्या पारधी बायांची तर गोष्टच वेगळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या पणज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. कुठे चोरी झाली की पाल उठवायचे आणि बाप्ये सापडले नाहीत तर बायांना उचलायचे. त्यांना मनीऑर्डर कोण करणार आणि कोणत्या पत्त्यावरून? भटक्या-विमुक्तांबद्दलचे असले शिक्के तुरुंगाच्या नियमावल्यांत आजवर छापलेले होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यावर लिहिले, त्या न्यायालयात गेल्या, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला.

मनीऑर्डर नाही म्हणजे खरेदी नाही, खरेदी नाही म्हणजे नफ्यात वाटा नाही. मग निधीच्या खर्चाची चर्चा होते तेव्हा "बायकांकडून कॅन्टीनला येतंच किती?" हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण हिशेबात तो असतोच.

मग बायकांनी कमावून घ्यावे म्हणाल, तर तेही ऐका. महाराष्ट्रातल्या कैद्यांची मजुरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये वाढली. वाढून किती झाली? कुशल कामाला रोज ७४ रुपये, अर्धकुशल कामाला ६७, अकुशल कामाला ५३. बत्तीस इंची साधा टीव्ही बारा हजारांचा धरला तर अकुशल काम करणाऱ्या बाईची सव्वादोनशे दिवसांची मजुरी त्यात जाईल. आणि ही मजुरी शिक्षा झालेल्यांची. जिल्हा कारागृहांत भरणा असतो तो कच्च्या कैद्यांचा, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. सबंध देशात २०२२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले शंभरातले पंचाहत्तर कच्चे होते. स्त्रिया पावणेचोवीस हजार, म्हणजे शंभरात चार. शंभरात चार आहेत म्हणूनच त्यांच्या वाट्याला प्रत्येक ठिकाणी कोपरा येतो आणि वस्तू उरल्या तर येतात.

लंडनला दाखवलेली बराक

सरकारकडे पैसा नाही असे मात्र म्हणू नका. विजय मल्ल्याला इंग्लंडातून परत आणण्याचा खटला लंडनमध्ये चालला होता. तुमचे तुरुंग माणसाला ठेवण्याजोगे नाहीत, असे त्याच्या वकिलांनी म्हटले. तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी आर्थर रोड कारागृहातल्या १२ क्रमांकाच्या बराकीचे चित्रण मागवले आणि भारत सरकारने ते सादर केले. त्यात उजेड होता, शौचालय होते, धुण्याची जागा होती आणि टीव्हीही होता, असे वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी १० डिसेंबरला लंडनच्या न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

याचा अर्थ काय? माणुसकीने ठेवलेल्या कैद्याच्या कोठडीत टीव्ही असतो, हे आपल्या सरकारला ठाऊक आहे. परदेशातल्या न्यायाधीशासमोर ते स्वतःच हे पुराव्यादाखल मांडते. हजारो कोटींचे कर्ज बुडवल्याचा आरोप असलेल्या माणसासाठी जी गोष्ट किमान माणुसकी ठरते, ती पाच शेळ्या चोरल्याच्या आरोपाखाली धरलेल्या बाईसाठी चैन ठरते. आमच्या कोपऱ्याचे चित्रण मागायला लंडनचा न्यायाधीश कुठून आणायचा?

वाचता न येणाऱ्यांचे वर्तमानपत्र

आता मूळ प्रश्न. टीव्ही हवाच कशाला?

तुरुंगाने माणसाचे काय काढून घ्यावे याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. १९६० च्या दशकात प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' नावाचे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. ते छापायला बाहेर पाठवू द्या, म्हणाले. सरकारने नाही म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितले की स्थानबद्धतेच्या अटींत जी बंधने लिहिलेली नाहीत ती सरकारला मनाने घालता येत नाहीत. पुढे १९७८ मध्ये सुनील बत्रा प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. आणि २०२२ मध्ये नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात गौतम नवलखांना विनोदी लेखक वुडहाउसचे पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला.

हे सगळे लढे मोलाचे आहेत. पण ते कोणी लढले? शिकलेल्या पुरुषांनी, बहुतेक पुस्तकांसाठी. मला भेटलेल्या अकराजणींपैकी आठजणींना वाचता येत नव्हते. वर्तमानपत्राचा हक्क त्यांना दिला तरी तो त्यांच्या हातात कागदच राहतो. त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे टीव्ही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेले कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम, ज्यांना नेल्सन मंडेलांचे नाव दिले आहे, त्यांतला ६३ वा नियम म्हणतो की महत्त्वाच्या बातम्या कैद्यांना नियमित कळत राहिल्या पाहिजेत. वर्तमानपत्राने, आकाशवाणीने, व्याख्यानाने, जसे जमेल तसे. तिथे करमणुकीचा प्रश्नच नाही. तिथे जगाशी धागा तुटू न देण्याचा प्रश्न आहे.

आणि बातमी आतल्या बाईला किती उपयोगाची असते ते बघा. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे, आयुष्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, एकापेक्षा जास्त खटले असले तरी नाही. पण चोरीच्या एकाच गुन्ह्यात अडकलेल्या बाईला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही ती लागू होते. अर्ज पुढे पाठवणे हे कारागृह अधीक्षकाचे कामच आहे. तरी ज्या बाईला असे कलम आहे हेच माहीत नाही, ती "माझा अर्ज गेला का?" असे विचारणार कशी? मी त्या दिवशी विचारले. अकराजणींपैकी एकीनेही हे ऐकले नव्हते.

२०२० चा करोना आठवा. मुलाकती बंद झाल्या. २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना समित्या नेमून काही कैद्यांना तात्पुरते सोडण्याचा विचार करायला सांगितले. बाहेर आपण घरात बसून क्षणाक्षणाला बातम्या बघत होतो. ज्यांच्या बराकीत टीव्ही नव्हता, त्या बायकांना जग का थांबले आणि आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे दुसऱ्याच्या तोंडून कळायचे. शिक्षा म्हणून हे कोणत्या न्यायाधीशाने सुनावले होते?

आपल्यातल्याच हरकती

हा विषय मी आमच्या गटात काढला तेव्हा तीन हरकती आल्या. तिन्ही आपल्या, घरच्या आहेत.

पहिली : टीव्हीवर असते काय? कटकारस्थाने करणाऱ्या सासवा, दागिन्यांनी मढलेल्या सुना, मंगळसूत्राचे गोडवे. आपण या मालिकांविरुद्ध लिहीत आलो आणि आता त्या आतल्या बायकांना दाखवा म्हणायचे? माझे उत्तर असे की बाहेरच्या बाईने काय बघावे हे आपण तिच्याशी वाद घालून ठरवतो, टीव्ही काढून घेऊन ठरवत नाही. आतल्या बाईशीही वाद घालू. त्यासाठी आधी आत जाऊन तिच्याशेजारी बसावे लागेल. आणि बटण कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्यापेक्षा चांगला कुणाला कळणार? घरात ते नवऱ्याच्या हातात असते, आत ते शिपायाच्या हातात असते. ते बराकीतल्या बायकांच्या हातात असावे.

दुसरी : आधी वकील द्या, औषध द्या, पाळीच्या दिवसांत कापड-पॅड द्या, मग टीव्ही. हे आधी-नंतर मी फार ऐकले आहे. आधी स्वातंत्र्य मग बायकांचे प्रश्न, आधी भाकरी मग मारहाणीचा प्रश्न, असे सांगून आपल्याला किती वर्षे थांबवले? वकील हवाच. पण वकील मागायचा असतो हे कळायलाही बातमी लागते. आणि खर्चाचे म्हणाल तर एक संच आणि दूरदर्शनच्या मोफत वाहिन्यांची एक तबकडी. एकदा पैसे घातले की महिन्याचे भाडे नाही. हा पैसा औषधातून काढावा लागेल इतका मोठा नाही.

तिसरी हरकत सगळ्यात जड. ती त्या आईची. माझी लेक राखेत गेली आणि तो क्रिकेट बघतो.

हिला मी काय सांगू? १९८३ चे ४९८ अ, १९८६ चे ३०४ ब ही हुंडाबळीची कलमे आपण रस्त्यावर उतरून मिळवली. आज नव्या न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलून ८५ आणि ८० झाले, तरी ती आपली आहेत. त्यांतला एक शब्दही सौम्य व्हावा असे मला वाटत नाही. पण बाई, कायद्याने शिक्षा आहे ती मोकळेपण जाण्याची. ती सुनावण्याआधी खटला चालावा लागतो आणि तो चालत नाही. तुझ्यावरचा अन्याय तिथे आहे. त्याचा टीव्ही बंद झाला तर तुझ्या खटल्याची तारीख एक दिवसानेही अलीकडे येणार नाही. उलट सरकार म्हणेल, बघा, आम्ही किती कडक आहोत. आणि तारीख पुढची देईल.

पैशाचेच बोलायचे तर तेही बोलू. १९९८ मध्ये कैद्यांच्या मजुरीबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मजुरी रास्त हवी आणि तिच्यातला वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढला जावा. ५३ रुपयांतून काय बाजूला निघणार? उद्या त्याला शिक्षा झाली, त्याने आत काम केले, तर त्याच्या घामातून तुझ्या नातवाच्या शाळेला चार पैसे मिळावेत हा तुझा हक्क आहे. ज्या तुरुंगात सरकार रास्त मजुरी देत नाही आणि टीव्ही दानावर ठेवते, तिथे सरकार तुझे आणि त्याचे, दोघांचेही देणे चुकवते आहे. तुला मात्र ते फक्त त्याचा टीव्ही दाखवते.

दान नको

काही मैत्रिणी म्हणाल्या, एवढे लिहिण्यापेक्षा आपणच वर्गणी काढून त्या अकराजणींना एक टीव्ही देऊ. मोह मलाही झाला. नाही म्हणाले, याचे कारण आपल्या जिल्ह्यालाच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर आपल्या सास्तूरपासून पलीकडच्या किल्लारीपर्यंत देशभरातून मदत आली. माणसे मायेने आली, ते विसरता येत नाही. पण रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले मी पाहिले आहेत. कुणी टाकलेले फाटके कोट, कुणाच्या भरजरी ओढण्या. कुणालाच विचारले नव्हते, तुला काय हवे. दान देणारा त्याच्याकडे असेल ते देतो, त्याला सोयीचे असेल तिथे देतो, आणि मोडले की दुरुस्तीला येत नाही. म्हणूनच त्या कारागृहात एकच टीव्ही होता आणि तो भिंतीच्या पलीकडे होता.

कैद्यांकडून भाडे घ्या म्हणणारेही आहेत. इंग्लंडात १९९८ पासून कोठडीत टीव्ही देऊ लागले, आठवड्याला एक पौंड भाड्याने, आणि तोही चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून. बक्षीस म्हटले की ते काढून घेण्याची सत्ता आली. आपल्याकडे हे आले तर पहिली कुणाची बराक अंधारी होईल ते सांगायला नको. जिला कुणी भेटायला येत नाही तिची.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात असे मी सुचवते :

१. प्रत्येक कारागृहातल्या स्त्री विभागात स्वतंत्र टीव्ही असावा. बायका दोन असोत की दोनशे. त्याचा व दुरुस्तीचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून, कारागृहाच्या नावाने, वेगळ्या ओळीत दाखवून व्हावा.

२. कॅन्टीनचा नफा आणि कल्याण निधी यांचा जमाखर्च दर वर्षी मराठीत लिहून कैद्यांच्या दृष्टीस पडेल असा लावावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. स्त्री विभागावर किती खर्च झाला ते वेगळे लिहावे.

३. काय बघायचे ते बराकीतल्या बायकांनी आपसांत ठरवावे. बातम्यांची एक वेळ ठरलेली असावी. टीव्ही बंद करणे ही शिक्षा म्हणून वापरू नये.

४. कच्च्या कैद्यांच्या हक्कांची माहिती, विशेषतः कलम ४७९ ची, बोली मराठीत ऐकवली जावी.

५. कैद्यांना रास्त मजुरी मिळावी आणि त्यातला ठरलेला वाटा पीडित कुटुंबांना पोचावा.

आपापल्या जिल्ह्यातल्या कारागृहात स्त्री विभाग आहे का, तिथे टीव्ही आहे का, तो कोणाच्या पैशाने आला, एवढी तीन प्रश्नांची माहिती प्रत्येक गटाने माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवली, तरी पुढच्या अंकापर्यंत आपल्या हातात बोलायला काहीतरी असेल. अर्जाला दहा रुपये लागतात.

त्या आईकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. हा लेख तिला वाचून दाखवणार आहे, कारण तिलाही वाचता येत नाही. तिला पटेल असे मी धरून चाललेले नाही. ती कदाचित म्हणेल, तुला लेक नाही म्हणून तू असे लिहितेस. ते मी ऐकून घेईन. पण मग तिला म्हणेन, चल, आपण दोघी तारखेला कोर्टात जाऊ आणि साहेबांना विचारू, खटला उभा का राहत नाही.